अमेरिकेचं स्वातंत्र्य ‘कुणाच्याही मदतीशिवाय’?

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘अमेरिकेतल्या साध्या शेतकऱ्यांनी घरच्या बंदुका उचलल्या आणि कुणाच्याही मदतीशिवाय ब्रिटिश साम्राज्याला हरवलं.’ वाचून ऊर भरून येतो, म्हणून तो पुढे जातो. शेतकरी लढले, हे खरंच आहे. चुकीचं आहे ते ‘मदतीशिवाय’.

अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत बंदुकीची दारू फारशी तयार होत नव्हती. सुरुवातीची बहुतेक बाहेरून आली, त्यात फ्रान्सकडून गुपचूप आलेला साठा मोठा. ऑक्टोबर 1777 मध्ये अमेरिकी सैन्य न्यूयॉर्क भागातल्या साराटोगाला जिंकलं, तेव्हा कुठे फ्रान्सला भरवसा वाटला आणि फेब्रुवारी 1778 मध्ये उघड तह झाला. म्हणजे ‘सगळं फ्रान्सनेच केलं’ हेही बरोबर नाही.

खरी मेख आहे व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला. 1781 मध्ये ब्रिटिश फौज तिथे अडकली होती, समुद्रातून कुमक येईल या आशेवर. तिथे समुद्रातून पोहोचायची वाट चेसापीक उपसागरातून होती. 5 सप्टेंबरला त्याच्या तोंडाशी फ्रान्सच्या 24 युद्धनौकांनी ब्रिटिशांच्या 19 नौकांना अडवलं. सुटकेची वाट बंद झाली. 19 ऑक्टोबरला शरणागती.

पडताळायचं तर त्या शरणागतीचा करारनामा शोधा, इंटरनेटवर सहज मिळतो. सुरुवातीलाच अमेरिका आणि फ्रान्सच्या संयुक्त सैन्याचा उल्लेख आहे.

या युद्धाची झळ भारतालाही लागली. 1778 मध्ये ब्रिटिशांनी फ्रेंचांच्या ताब्यातली पाँडिचेरी घेतली. जून 1783 मध्ये आजच्या तमिळनाडूतल्या कडलूरला फ्रेंच आणि ब्रिटिश लढत होते, तेव्हा युरोपात त्यांचा प्राथमिक तह होऊन पाच महिने उलटले होते. बातमीच पोहोचली नव्हती.