कॅफीनयुक्त पेये आणि चयापचय

ज्यांत कॅफीन निसर्गतःच असते किंवा मुद्दाम घातलेले असते अशी पेये, म्हणजे चहा, कॉफी, कोला, एनर्जी ड्रिंक आणि दक्षिण अमेरिकेतले येर्बा माते, आणि त्यांचा शरीरातल्या साखर-चरबीच्या व्यवहाराशी असलेला संबंध हा या नोंदीचा विषय. हा व्यवहार नीट चालला आहे की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर पाच गोष्टी तपासतात : कमरेचा घेर, उपाशीपोटीची रक्तशर्करा, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब. पाचांतल्या तीन बिघडल्या की त्याला चयापचय लक्षणसमूह (मेटाबॉलिक सिंड्रोम) म्हणतात. कमरेच्या घेराची मर्यादा भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर धरली जाते.

‘चहा-कॉफीने शुगर वाढते का?’ या घरोघरच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. कॅफीनने काही तासांपुरती रक्तातली साखर थोडी चढते. वर्षानुवर्षे कॉफी पिणाऱ्यांत मात्र मधुमेह कमी आढळतो. आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत ज्याला चहा म्हणतात, त्यात कॅफीनपेक्षा साखरेचा हिशेब आधी करावा लागतो. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि गोंधळ होतो तो त्यांतले एकच धरून बसल्यामुळे.

कॅफीन शरीरात काय करते

फ्रीडलीब फेर्डिनांट रूंग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळे काढले. बिया त्याला दिल्या होत्या महाकवी गटे याने. पुढे एमील फिशरने या द्रव्याची रचना उलगडली. फिशरला १९०२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते शर्करा आणि प्युरीन या दोन गटांवरील कामासाठी, आणि कॅफीन प्युरीनच्याच कुळातले. म्हणजे चहाच्या कपातल्या दोन्ही मुख्य आरोपींची जबानी एकाच माणसाने नोंदवून ठेवली आहे.

दिवसभर मेंदू राबला की ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसले की झोप येऊ लागते. कॅफीनची घडण ॲडिनोसिनसारखीच असल्याने ते आधी जाऊन ती जागा अडवते. दमणूक असतेच, फक्त तिचा निरोप पोचत नाही. सोबत ॲड्रिनलिन वाढते, रक्तदाब थोडा चढतो, चरबीच्या पेशींतून मेदाम्ले रक्तात सुटतात आणि रक्तातली साखर पेशींत शिरवणाऱ्या इन्शुलिन या संप्रेरकाचे म्हणणे स्नायू जरा कमी ऐकतात.

कॅफीनचा निचरा मुख्यतः यकृतातल्या सीवायपी१ए२ या एन्झाइमकडून होतो. प्यालेल्या कॅफीनपैकी निम्मे संपायला निरोगी माणसाला साधारण पाच तास लागतात. धूम्रपान करणाऱ्यांत हा वेळ कमी, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत जवळजवळ दुप्पट, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो पंधरा तासांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय हे एन्झाइम कुणाचे चपळ, कुणाचे संथ, हे आनुवंशिकतेवर ठरते. एकाच घरात आजोबा रात्री दहाला कॉफी पिऊन घोरतात आणि सुनेला चारच्या चहानेही झोप लागत नाही, त्याचे हे एक कारण.

किती म्हणजे जास्त

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी आहार मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली आहे. तिथल्या आकड्यांनुसार १५० मिलिलिटर फिल्टर कॉफीत ८० ते १२०, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी ४०० आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅम ही मर्यादा धरली.

कॉफीचे कोडे

नेदरलँड्समधल्या १७,१११ स्त्री-पुरुषांचा अभ्यास २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दिवसाला दोन कप किंवा त्याहून कमी कॉफी पिणाऱ्यांच्या तुलनेत सात कप किंवा जास्त पिणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका निम्मा दिसला. गंमत अशी, की त्याच वर्षी आणखी एका प्रयोगात निरोगी लोकांना शिरेतून कॅफीन दिल्यावर त्यांची इन्शुलिन-संवेदनशीलता सुमारे १५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. प्रयोगशाळेत कॅफीन आरोपी ठरत होते आणि लोकसंख्येत कॉफी निर्दोष सुटत होती.

हा विरोध पुढेही टिकला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २००८ मध्ये कॉफीची सवय असलेल्या दहा मधुमेहींना ५०० मिलिग्रॅम कॅफीन गोळ्यांतून दिले, तेव्हा त्यांची दिवसभराची सरासरी साखर ८ टक्क्यांनी वाढली. उलट २०१४ मध्ये २८ अभ्यास आणि अकरा लाखांहून अधिक माणसे एकत्र धरून काढलेल्या निष्कर्षात रोजच्या प्रत्येक कपामागे मधुमेहाचा धोका साध्या कॉफीने ९ टक्के आणि कॅफीन काढलेल्या कॉफीने ६ टक्के कमी दिसला.

कोड्याची किल्ली या शेवटच्या आकड्यात आहे. कॅफीन काढून टाकले तरी लाभ बराचसा उरत असेल, तर तो निदान पूर्णपणे कॅफीनचा नाही. कॉफीच्या बीत क्लोरोजेनिक आम्ल भरपूर असते. ते आतड्यातून साखर शोषली जाण्याचा वेग कमी करते आणि यकृतातून साखर बाहेर सोडणाऱ्या एन्झाइमला आवर घालते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. ट्रायगोनेलिन आणि मॅग्नेशियमही असते. म्हणून ‘कॅफीन’ आणि ‘कॉफी’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणे ही या विषयातली सर्वांत मोठी चूक समजावी.

अर्थात कॉफीच्या बाजूचे हे मोठे आकडे निरीक्षणाच्या अभ्यासांतले, प्रयोगांतले नव्हेत. जास्त कॉफी पिणाऱ्यांच्या जेवणात, कामात, मिळकतीत इतर फरक असतातच, आणि ज्याची तब्येत आधीच ढासळली आहे तो स्वतःहून कॉफी सोडतो, हेही आकड्यांत मिसळते. जनुकांच्या आधारे कारण-परिणाम तपासणाऱ्या पहिल्या काही अभ्यासांत कॉफीच्या बाजूने फारसे काही निघाले नाही. २०२३ च्या एका अभ्यासात मात्र ज्यांच्या रक्तात जनुकीय कारणाने कॅफीन जास्त रेंगाळते, त्यांचे वजन आणि मधुमेहाचा धोका दोन्ही कमी आढळले, आणि मधुमेहावरचा साधारण अर्धा परिणाम वजनातूनच आला होता. तेव्हा कॅफीनलाही सरसकट दोषी धरता येत नाही.

दुसरी सावधगिरी आपल्या अंगकाठीची. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे शेजारी शेजारी ठेवली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून चरबीयुक्त अशा भारतीय शरीराला युरोप-अमेरिकेतल्या कॉफीबाजांचे आकडे जसेच्या तसे लावणे धाडसाचे आहे.

दूध, साखर, आले आणि चहा

पुण्याच्या अमृततुल्यातला चहा पाहिला की हे पेय म्हणजे ‘पानांचा काढा’ ही व्याख्या अपुरी पडते. पितळी पातेल्यात दूध आणि पाणी एकत्र रटरटत असते, त्यात खलबत्त्यात ठेचलेले आले आणि वेलदोडा पडतो, साखर मुठीने पडते, आणि मग पूड. फडक्यातून पिळून गाळल्यावर जे कपात येते ते गोड, दाट, तांबूस असते. पूड बहुधा सीटीसी. चुरडणे, फाडणे, वळवणे ही ती पद्धत १९३० च्या सुमारास आसामात आली. बारीक दाण्यांतून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, आणि तो दूध-साखरेला पुरून उरतो.

आता हिशेब. चमचाभर साखर म्हणजे साधारण ५ ग्रॅम. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप, म्हणजे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, म्हणजे साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितले, आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली, म्हणजे २५ ग्रॅमच्या आत. याच चार कपांतले कॅफीन मोजले तर १२० ते २६० मिलिग्रॅम भरते, म्हणजे ३०० च्या आतच. कॅफीनची मर्यादा अजून गाठलेली नसते, पण साखरेची आदर्श मर्यादा तिसऱ्या कपालाच ओलांडलेली असते, आणि त्यात बशीतली खारी किंवा बिस्किटे धरलेली नाहीत. कटिंग घेतले तर आकडे निम्मे होतात खरे, पण कटिंग मोजून पिणारा माणूस दुर्मीळ.

गुळाचा चहा हल्ली पाट्या लावून विकला जातो. गुळात थोडी खनिजे असतात, पण मुख्य घटक साखरेचाच, सुक्रोज. मधुमेह्याच्या रक्ताला हा फरक कळत नाही. गवती चहाच्या पातीत कॅफीन नसते. ती नुसती उकळून प्यायली तर ते पेय या नोंदीच्या बाहेरचे. आपल्याकडे ती सहसा पुडीबरोबरच पातेल्यात जाते, ही गोष्ट वेगळी. बिनसाखरेच्या कोऱ्या चहाविरुद्ध मात्र या दृष्टीने काही सांगता येत नाही, एक लोहाचा अपवाद वगळता. चहातली टॅनिने भाजी-डाळीतल्या लोहाला धरून ठेवतात, म्हणून राष्ट्रीय पोषण संस्था जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगते. रक्तक्षय असलेल्या बाईने जेवणावर लगेच चहा घेणे म्हणजे पालेभाजीवर पाणी सोडणे.

उपासाचा चहा हा आणखी एक प्रकार. साबुदाणा नको म्हणून दिवस नुसत्या चहावर काढणारे अनेक. अशा दिवशी पोटात जाते ते दूध, साखर आणि कॅफीन, दर दोन तासांनी.

वजन उतरवणारे पेय?

१०० मिलिग्रॅम कॅफीनने पुढच्या अडीच तासांत विश्रांतीतला ऊर्जाखर्च ३ ते ४ टक्क्यांनी वाढतो, हे १९८९ पासून ठाऊक आहे. ऐकायला बरे वाटते, पण अडीच तासांच्या खर्चावर ४ टक्के म्हणजे जेमतेम ५-७ कॅलरी. दोन चमचे साखरेत ४० असतात. ग्रीन टीने वजन घटते का, याचा वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रन संस्थेने २०१२ मध्ये घेतलेला आढावा निराशाजनक निघाला : घट अगदी किरकोळ. पिशवी बुडवून प्यायलेला ग्रीन टी निरुपद्रवी असतो. त्याच्या अर्काच्या गोळ्यांचे तसे नाही. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी (ग्रीन टीतले मुख्य कॅटेचिन द्रव्य) अशा गोळ्यांतून पोटात गेल्यास यकृतावर ताण दिसू शकतो, असे युरोपीय प्राधिकरणाने २०१८ मध्ये म्हटले.

कोला आणि एनर्जी ड्रिंक यांच्याविषयी फार विचार करायला नको. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. गोड पेये दिवसाला एक-दोनदा पिणाऱ्यांत मधुमेहाचा धोका २६ टक्के जास्त, असे २०१० च्या एकत्रित विश्लेषणात दिसले. भारतात कॅफीनयुक्त पेयांसाठी लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम ही कक्षा ठरलेली आहे, म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. कॅफीन फिल्टर कॉफीच्या कपापेक्षा अधिक नाही, पण ते थंडगार, गोड आणि घटाघट जाते. शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशी पेये विकण्यावर बंदी घालण्याचे महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत जाहीर केले.

यकृत, कोलेस्टेरॉल, झोप

यकृताच्या बाबतीत कॉफीची बाजू भक्कम आहे. नियमित पिणाऱ्यांत रक्तातली यकृताची एन्झाइमे आणि यकृताची तंतुमयता (व्रणासारखे कडक होणे) दोन्ही कमी आढळतात. कोलेस्टेरॉलचे मात्र कॉफी कशी करता यावर ठरते. नॉर्वेतल्या ट्रोम्सो इथल्या अभ्यासाने १९८३ मध्ये कॉफी आणि कोलेस्टेरॉल यांचा संबंध दाखवला. तिथे पूड पाण्यात उकळत. कॉफीच्या तेलातली कॅफेस्टॉल आणि काहवेऑल ही द्रव्ये एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढवतात. कागदी गाळणी ती अडवते, धातूची जाळी तितकी अडवत नाही.

झोपेचा मार्ग आडवळणाचा, पण महत्त्वाचा. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनने झोप तासाहून अधिक घटते, असे २०१३ मध्ये दिसले. आणि सलग सहा रात्री चारच तास झोपलेल्या तरुणांची साखर पेलण्याची ताकद घटल्याचे १९९९ मध्येच नोंदवले गेले होते. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठात २०२० मध्ये केलेल्या प्रयोगात, तुटक झोपेनंतर न्याहारीआधी कडक कोरी कॉफी घेतली, तर त्यानंतरच्या साखरेचा चढ जवळपास ५० टक्क्यांनी वाढला. सकाळी उठल्याबरोबर, तोंडात काही नसताना ‘आधी चहा’ म्हणणाऱ्यांनी निदान हा आकडा ऐकून ठेवावा.

रक्ततपासणी

उपाशीपोटीच्या साखरेसाठी रक्त द्यायला आलेल्या माणसाला तंत्रज्ञ विचारतो, ‘काही खाल्लंत का?’ उत्तर येते, ‘नाही हो, फक्त चहा घेतलाय.’ मराठीत चहा हे खाणेही नाही आणि पिणेही नाही, त्यामुळे यात खोटेपणा नसतो. पण त्या कपात दहाएक ग्रॅम साखर, दुधातली लॅक्टोज आणि वर कॅफीन असते. आकडा वाढून येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. तपासणीआधी बिनसाखरेची कोरी कॉफीही नको. आठ ते दहा तासांच्या उपाशीपणात फक्त साधे पाणी चालते. एचबीए१सी ही दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी असल्याने ती चहा घेऊन गेले तरी करता येते.