तेलकट सोडलं की त्वचा नितळ होते?
खाल्लेलं तेल थेट चेहऱ्यावर येतं, म्हणून स्निग्ध पदार्थ बंदच करा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. चेहऱ्यावरचं तेल त्वचेतल्या तैलग्रंथी तयार करतात आणि त्यांचा लगाम मुख्यतः हार्मोन्सच्या हाती असतो.

उलट, १९२९ मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या संशोधक दांपत्याने उंदरांना स्निग्धांश अजिबात नसलेला आहार दिला, तेव्हा त्यांच्या कातडीवर, अगदी शेपटीवरसुद्धा, खवले धरले. त्वचेत ओलावा टिकायला तेलबियांमधलं लिनोलिक आम्ल लागतंच. कडक डाएट करून चेहरा सुकवून घेणाऱ्या मुली पाहिल्या की जीव तुटतो.

मुरुमांशी संबंध दिसतो तो रक्तातली साखर झपाट्याने वाढवणाऱ्या गोड, मैद्याच्या पदार्थांचा. ते थोडे कमी करा. भाजीतलं चमचाभर तेल राहू द्या. तेलाशिवाय अ आणि ई जीवनसत्त्वं नीट शोषली जात नाहीत.