छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घेताना: वॅट, डेसिबल आणि शेजारी

गिटारसाठी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघालेला मुंबईकर दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो तो वॅटचा. घरी वाजवायचे असेल तर पाच आणि गिगसाठी, म्हणजे मंचावरच्या कार्यक्रमासाठी, हवा असेल तर पंधरा किंवा तीस, असे उत्तरही त्याने मनाशी बहुधा आधीच ठरवलेले असते. हा हिशोब दिसायला सरळ असला तरी ध्वनिशास्त्राच्या कसोटीवर तो टिकत नाही. वॅट हे अ‍ॅम्प स्पीकरला किती विद्युतशक्ती देऊ शकतो याचे माप आहे. त्यातून ऐकू येणारा आवाज किती मोठा असेल, हे स्पीकर, खोली आणि आपला कान यांवरही तितकेच अवलंबून असते.

शक्ती दहा पट केली की ध्वनीची पातळी १० डेसिबलने वाढते आणि आवाज कानाला साधारण दुप्पट मोठा वाटतो. या नियमाने ५ वॅट आणि १५ वॅट यांच्यात फरक पडतो तो जेमतेम ४.८ डेसिबलचा. आता स्पीकरकडे पाहू. १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर जी पातळी मिळते तिला स्पीकरची संवेदनक्षमता म्हणतात, आणि गिटारच्या स्पीकरमध्ये ती साधारणपणे ९५ ते १०० डेसिबल असते. म्हणजे ९५ चा स्पीकर काढून १०० चा बसवला, तर ५ वॅटचा अ‍ॅम्प १५ वॅटवाल्याच्या पंगतीला जाऊन बसतो. हा आकडा स्पीकरच्या माहितीपत्रकात छापलेला असूनही दुकानात तो कोणी विचारत नाही, याचे नवल वाटते.

मधला, ९७ डेसिबलचा स्पीकर धरून घरचे गणित करून पाहू. ५ वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण ताकदीने वाजवला तर १ मीटरवर सुमारे १०४ डेसिबल आणि १५ वॅटचा वाजवला तर सुमारे १०९ डेसिबल पातळी मिळेल. फ्लॅटच्या बेडरूममध्ये निवांत वाजवायला ७५ डेसिबल भरपूर झाले, आणि तेवढ्यासाठी स्पीकरला लागणारी शक्ती असते एका वॅटचा सुमारे १६० वा भाग, म्हणजे ६ मिलिवॅट. या आकड्यापुढे पाच काय आणि पंधरा काय, दोन्ही सारखेच अवाढव्य आहेत. म्हणून माझे मत असे की, घर आणि गिग या दोन्हींसाठी एकच अ‍ॅम्प घ्यायचा असेल तर वॅट ठरवताना घराचा विचारच करू नये. वॅट गिगच्या गरजेवरून ठरवावेत आणि घरच्यासाठी आवाज कसा उतरवायचा याची सोय वेगळी पाहावी.

आवाजाचे बटण खाली आणले की काम भागेल, असे कोणी म्हणेल. पण व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये ज्यासाठी पैसे मोजायचे ती गोष्ट बहुतांशी बटणाच्या वरच्या भागातच असते. व्हॉल्व्ह म्हणजे आतली हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्या मध्यभागी तापवलेला ऋणाग्र इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो, सभोवतीचा धनाग्र ते ओढून घेतो, आणि दोघांच्या मध्ये बसवलेली तारेची जाळी, म्हणजे ग्रिड, स्वतःवरच्या इवल्याशा विद्युतदाबाने हा ओघ कमी-जास्त करते. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ च्या सुमारास ही जाळी आत घातली आणि क्षीण विद्युतसंकेत मोठा करण्याची युक्ती माणसाच्या हाती आली. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांची कंपने विजेत बदलणाऱ्या चुंबकीय भागातून, येणारा संकेत व्होल्टच्या काही दशांशांइतका असतो. १२एएक्स७ नावाचा छोटा व्हॉल्व्ह तो कित्येक पटींनी वाढवून पुढच्या मोठ्या व्हॉल्व्हकडे सोपवतो.

संकेत वाढता वाढता मर्यादेला भिडला की एका टोकाला ग्रिड स्वतःच प्रवाह घेऊ लागते आणि दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉनांचा ओघ पुरता तुटतो. त्यामुळे तरंगाचे माथे आधी गोलावतात आणि मग सपाट होत जातात. आकार बदललेल्या या तरंगात मूळ सुरात नसलेल्या किंवा क्षीण असलेल्या कंप्रता (दर सेकंदाची कंपने) मिसळतात: गिटारची सहावी तार मोकळी छेडली तर ८२ हर्ट्झच्या सुराबरोबर १६४, २४६ अशा पटींमधल्या संनादी कंप्रता अधिक ठळक होतात आणि स्वर भरीव वाटू लागतो. ट्रान्झिस्टरच्या बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये संकेत मर्यादेपर्यंत अगदी स्वच्छ राहतो आणि मर्यादा ओलांडताच माथा एकदम छाटला जातो. त्या तीक्ष्ण कडेमुळे वरच्या पट्टीतल्या संनादी कंप्रता उसळतात आणि कानाला खुपतात. व्हॉल्व्हमध्ये हे संक्रमण हळूहळू होत असल्याने तार हलकी छेडली तर सूर साफ निघतो आणि जोरात छेडली तर फुटतो. वादक ज्याला ‘ब्रेकअप’ म्हणतात ते हेच, आणि त्याचा ताबा थेट बोटांकडे असतो.

५ वॅटच्या बहुतेक अ‍ॅम्पमध्ये शेवटच्या टप्प्यात एकच व्हॉल्व्ह असतो, तर १५ वॅटच्या अ‍ॅम्पमध्ये दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ढकलण्या-ओढण्याचे काम करतात. जोडीच्या या रचनेत शेवटच्या टप्प्यात निर्माण होणाऱ्या सम पटींच्या संनादी कंप्रता एकमेकींना बऱ्याच अंशी छेदतात. एकट्या व्हॉल्व्हमध्ये त्या तशाच राहतात. फेंडरच्या चॅम्पसारख्या एका ६व्ही६ व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अ‍ॅम्पचा स्वर वेगळा वाटतो, त्याचे एक कारण हे आहे. जाता जाता एक गैरसमज दूर करायला हवा. जोरदार कॉर्ड मारल्यावर विद्युतदाब क्षणभर दबून सावरतो, त्या परिणामासाठी काही जण व्हॉल्व्हच्या रेक्टिफायरचा (घरच्या विजेचा एकदिश प्रवाह करणाऱ्या भागाचा) पाच वॅटी अ‍ॅम्प शोधत फिरतात. एका व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये सरासरी प्रवाह जवळपास स्थिरच असतो, त्यामुळे दाब दबण्याचे फारसे कारणच उरत नाही. तो परिणाम खऱ्या अर्थाने जाणवतो तो जोडीच्या अ‍ॅम्पमध्ये.

घरच्या सोयीचे दोन मार्ग आहेत. पहिला मास्टर व्हॉल्यूमचा: त्यात सुरुवातीच्या छोट्या व्हॉल्व्हना मर्यादेला भिडवून पुढे जाणारा संकेत कमी करतात, त्यामुळे ब्रेकअप मिळतो, पण शेवटच्या टप्प्याचा वाटा त्यात नसतो. दुसरा मार्ग अ‍ॅटेन्युएटरचा: हे यंत्र अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसते आणि बरीचशी शक्ती उष्णतेच्या रूपात गिळून टाकते. वर काढलेल्या गणितानुसार १५ वॅटवरून ७५ डेसिबलवर यायला ३४ डेसिबल गिळावे लागतात, आणि इतके गिळल्यावर ‘स्वर मेला’ अशी तक्रार हटकून ऐकू येते. दोष यंत्राचा असतोच असे नाही. आवाज लहान झाला की आपला कानच खर्ज कमी ऐकू लागतो. बेल लॅबोरेटरीजमधील हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. शिवाय कमी शक्तीवर स्पीकरचा कागदी शंकूही फारसा हलत नाही, आणि त्याच्या हलण्याचाही स्वरात वाटा असतो. बेडरूममध्ये कान लावून जुळवलेली खर्जाची आणि तीव्र स्वरांची बटणे गिगमध्ये बदलावीच लागतात, ती याच कारणाने. मोठा आवाज होताच घरी वाढवून ठेवलेला खर्ज बास गिटारच्या वाटेत येतो.

मुंबईच्या इमारतीत आणखी एक पेच आहे. दोन फ्लॅटमधली साडेचार इंची विटेची भिंत गिलाव्यासकट साधारण ४० ते ४५ डेसिबल अडवते, पण कंप्रता जितकी खाली तितकी भिंतीची अडवणूक कमी, त्यामुळे शेजारी गिटारची धून न पोहोचता नुसता धुमधुम आवाज पोहोचतो आणि तोच अधिक त्रास देतो. त्यातच अ‍ॅम्प थेट लादीवर ठेवला असेल तर कंपने स्लॅबमधून खालच्या मजल्यावर उतरतात. जाड रबर किंवा दाट फोम खाली घालून अ‍ॅम्प स्टुलावर ठेवला की हा त्रास पुष्कळ कमी होतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची आहे. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरातील शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० अशी उतरते. धोबी तलावाच्या रंगभवनातले खुल्या मंचावरचे रॉकचे कार्यक्रम थांबले ते शांतता क्षेत्राच्या याच बंधनामुळे, हे जुन्या वादकांना आठवत असेल.

गिगमध्ये मोजमाप ठरते ते ड्रमवरून. बांद्रा किंवा लोअर परळच्या मध्यम आकाराच्या जागेत अ‍ॅम्पसमोर माइक लावलेला असतो आणि प्रेक्षकांपर्यंत आवाज नेण्याचे काम पीएची, म्हणजे सभागृहाच्या मोठ्या स्पीकरांची, यंत्रणा करते. अ‍ॅम्पला फक्त मंचावर, ड्रमच्या शेजारी, वादकाला ऐकू यायचे असते. त्यासाठी १२ इंची स्पीकरचा १५ वॅटचा अ‍ॅम्प पुरतो. आठ इंची स्पीकरचा ५ वॅटचा अ‍ॅम्प ड्रमरने जोर धरला की बुडतो, आणि बुडण्याआधीच तो इतका फुटलेला असतो की साफ सूर त्यातून निघतच नाही. ज्यांना मंचावरही स्वच्छ, चकचकीत सूर हवा आहे त्यांनी फेंडरच्या २२ वॅटच्या डिलक्स रिव्हर्बसारख्या अ‍ॅम्पपर्यंत जावे. त्यापुढे जाण्याचे कारण आजच्या मुंबईत मला दिसत नाही. कानाची काळजी मात्र वेगळी घ्यावी लागते. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला निम्मा वेळ, असा अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेचा दंडक आहे. त्या हिशोबाने १०९ डेसिबलपुढे उभे राहण्याची मुभा जेमतेम दोन मिनिटांची.

वजनाचा प्रश्न किरकोळ समजू नये. १९५८ मध्ये व्हॉक्सने आणलेल्या एसी१५ चा आजचा कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला नमुना, सुमारे २२ किलोचा आहे, तर फेंडरचा ब्लूज ज्युनियर साधारण १४ किलोचा. दोघांतही ईएल८४ व्हॉल्व्हची जोडी आणि १२ इंची स्पीकरच. संध्याकाळी सहाच्या विरार लोकलच्या लगेज डब्यात यांपैकी एक उचलून चढायचे असेल, तर हा आठ किलोंचा फरक स्वराच्या फरकापेक्षा आधी जाणवतो.

अमेरिकेतून नातेवाइकाकरवी अ‍ॅम्प आणवण्याचा मोह होतो, तेव्हा मागच्या बाजूचा शिक्का वाचावा. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ; आपला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला तर व्होल्ट जुळतात, पण हर्ट्झ ५०च राहतात, आणि केवळ ६० हर्ट्झसाठी काटेकोर बांधलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० वर अधिक तापतो.

वापरलेला अ‍ॅम्प घेत असाल तर मागची जाळी काढून आत पाहण्याची परवानगी मागावी. व्हॉल्व्हच्या काचेत, बहुधा माथ्यावर, चंदेरी आरशासारखा डाग असतो; नळीत उरलेसुरले वायू शोषून घेण्यासाठी तिथे बेरियमचा थर दिलेला असतो. तो दुधाळ पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे आणि व्हॉल्व्ह बाद आहे. चालू अवस्थेत आतल्या तंतूची नारिंगी आभा दिसणे स्वाभाविक आहे. एकट्या ईएल८४ चा तापक ६.३ व्होल्टला ०.७६ अँपिअर, म्हणजे सुमारे ४.८ वॅट घेतो, जवळजवळ तो व्हॉल्व्ह एकटा स्पीकरला जेवढी शक्ती देतो तेवढीच. बाहेरचा करडा धनाग्र लाल होऊ लागला तर मात्र लगेच बंद करावे. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने छोट्या व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारावी. स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला तर तो व्हॉल्व्ह बदलावा लागेल. चॅसिस, म्हणजे आतले विद्युतभाग बसवलेली धातूची पेटी, मात्र स्वतः उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या आसपास भार राहू शकतो. तसेच स्पीकर जोडलेला नसताना अ‍ॅम्प वाजवून पाहू नये, कारण मग व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारा दाब त्याचे वेटोळे जाळू शकतो. पावसाळ्यात किनाऱ्यालगतच्या घरांत जॅक आणि बटणांच्या आत गंज चढून खरखर सुरू होते. ती साफ करून घेता येते आणि तेवढ्यावरून सौदा मोडण्याची गरज नाही.

व्हॉल्व्ह ही झिजणारी वस्तू आहे, म्हणून पुढच्या खर्चाचाही विचार आताच करावा. भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये बेंगळुरूत रेडिओच्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले होते, पण तो काळ केव्हाच सरला. आज बहुतेक नवे व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात, आणि २०२२ मध्ये रशियातून निर्यात अडल्यावर जगभर त्यांचे भाव चढले होते. काही अ‍ॅम्पमध्ये शेवटचे व्हॉल्व्ह बदलल्यावर त्यांचा स्थिर प्रवाह, म्हणजे काही वाजत नसतानाही वाहणारा प्रवाह, जाणकार तंत्रज्ञाकडून मोजून जुळवून घ्यावा लागतो. एसी१५ सारख्या कॅथोड-बायसच्या, म्हणजे ऋणाग्राला जोडलेल्या रोधाने हा प्रवाह ठरवणाऱ्या, अ‍ॅम्पमध्ये तो आपोआप सावरला जातो आणि जुळलेली जोडी आणून बसवली की बहुधा भागते. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळतील, पण व्हॉल्व्हचा जाणकार कारागीर शोधावा लागतो. त्यामुळे दोन अ‍ॅम्प स्वराने तोडीस तोड वाटले तर त्यातला कॅथोड-बायसचा घ्यावा असे मी सुचवीन.