डोळ्यातला ऊस

"डोळा जपून. डोळा गेला की टिपरी गेली," म्हणत काकांनी माझ्या हातातला कोयता काढूनच घेतला. करवीर तालुक्यातलं आमचं रान, सऱ्या सोडून तयार, बांधावर को-८६०३२ या वाणाच्या बेण्याची, म्हणजे लावणीसाठी तोडलेल्या टिपऱ्यांची, मोळी. पेरावरचा तो डोळा, म्हणजे अंकुर, जेमतेम हरभऱ्याच्या डाळीएवढा. त्यातून वर्षभरात दोन पुरुष उंचीचा ऊस उभा राहतो, आणि तो ८६०३२ च असतो. शेजारच्या रानातला २६५ होत नाही.

वाणाची ही ओळख डोळ्यातल्या पेशीपेशीत असते, डीएनएच्या रूपात. पीळ दिलेली शिडी डोळ्यांपुढे आणा. पायऱ्या चारच अक्षरांच्या: ए, टी, जी आणि सी. एसमोर टी बसतो, जीसमोर सी. एका बाजूला ए-टी-जी-सी-ए असेल, तर समोर टी-ए-सी-जी-टी. मजकूर असतो तो या अक्षरांच्या क्रमात. प्रथिनांच्या कृतीत तर तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द, आणि बहुतेक शब्दांचा अर्थ एवढाच: आता अमुक अमिनो आम्ल जोड.

मला मात्र भुरळ पडते ती जोडीची. पेशी दुभंगण्याआधी शिडी मधोमध उसवत जाते, बॅगेची चेन उघडावी तशी. सुट्या झालेल्या प्रत्येक बाजूवर समोरची बाजू नव्याने भरली जाते. एक अर्धं हाती असलं की दुसरं आपोआप ठरतं. झाल्या दोन शिड्या, दोन्हीत एक धागा जुना, एक नवा. वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये ही रचना मांडली, रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रांच्या आधारावर. (फ्रँकलिन यांचं श्रेय बराच काळ झाकलेलंच राहिलं.) नक्कल खरंच अशी होते, हे १९५८ मध्ये मेसेलसन आणि स्टाल यांनी जिवाणूंवर दाखवलं.

म्हणजे लावण करताना आपण नक्कलच पेरतो. तुऱ्यातल्या बियांचं तसं नाही. तिथे गुणसूत्रांची वाटणी होऊन मिसळ होते, आणि उसाची गुणसूत्रं शंभराहून जास्त, आपली ४६. म्हणून एका तुऱ्यातली दोन रोपं सारखी निघत नाहीत. कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात नवे वाण निवडतात ते अशाच रोपांतून. 'को' हे अक्षर तिथलंच.

"मग दर तीन वर्षांनी बेणं का बदलायचं? वाण म्हातारा होतो ना?" मी काकांना चिडवलं. अक्षरं बहुतेक तीच राहतात. बेण्यातून साचत जातात ते रोग. काकांनी एक टिपरी उभी चिरून माझ्यापुढे धरली. आत लाल पट्टा होता.

"ही बाजूला टाक," ते म्हणाले.