प्लॅस्टिकचे मैदान आणि घरच्या संघाचा फायदा

घरच्या मैदानावर संघ अधिक जिंकतो, हा फुटबॉलमधला जुना अनुभव आहे. मात्र त्यात खुद्द मैदानाच्या पृष्ठभागाचा वाटा किती, हा वाद खऱ्या अर्थाने पेटला तो १९८१ मध्ये. त्या वर्षी इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने लॉफ्टस रोड या आपल्या मैदानावरचे गवत काढून तिथे 'ऑम्निटर्फ' हा वाळू भरलेला कृत्रिम गालिचा अंथरला. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या बंदिस्त स्टेडियममध्ये छताखाली गवत जगेना, म्हणून १९६६ पासून तिथे कृत्रिम पृष्ठभागावर बेसबॉल खेळला जात होता. इंग्लंडमधली अडचण वेगळी होती. तिथे हिवाळ्यात मैदानांचा चिखल होई, सामने पुढे ढकलावे लागत आणि एरवी मैदान वापरावे म्हटले, तर उरलेसुरले गवतही जाई.

या गालिच्यावर चेंडू गवतापेक्षा उंच उसळे आणि लांबवर टाकलेला पास आवरण्याआधीच रेषेबाहेर निघून जाई. घसरून चेंडू काढायला जाणाऱ्या बचावपटूची मांडी आणि कोपर सोलवटून निघत, त्यामुळे पाहुणे खेळाडू असे टॅकल टाळू लागले. यजमान खेळाडूंना मात्र ती उसळी अंगवळणी पडलेली असे. तरीही केवळ गालिचा अंथरल्याने विजय मिळत नव्हते. १ सप्टेंबर १९८१ रोजी या मैदानावरच्या पहिल्याच सामन्यात ल्यूटन टाउनने यजमानांना २-१ असे हरवले. त्याच हंगामात प्रशिक्षक टेरी व्हेनेबल्स यांचा क्वीन्स पार्क रेंजर्स संघ एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेत, वेम्बलीच्या गवतावर झालेल्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, आणि पुढच्या हंगामात त्याने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले. १९८४ मध्ये युएफा कप या युरोपीय क्लब स्पर्धेसाठी प्लॅस्टिकच्या मैदानाला परवानगी नसल्याने संघाला 'घरचे' सामने आर्सेनलच्या हायबरी या गवताच्या मैदानावर खेळावे लागले. तिथे त्यांनी पार्टिझान बेलग्रेडला ६-२ असे नमवले आणि परतीच्या लढतीत ०-४ अशी हार पत्करून, एकूण ६-६ अशी बरोबरी असूनही परक्या मैदानावरील गोलांच्या नियमाने, ते स्पर्धेबाहेर गेले. पहिली लढत पाहता संघ गवतावरही चांगला होता, हे मान्य करावेच लागते.

ल्यूटनने १९८५ मध्ये, तर ओल्डहॅम ॲथलेटिक आणि प्रेस्टन नॉर्थ एंड यांनी १९८६ मध्ये हाच मार्ग धरला. ल्यूटन १९८६-८७ मध्ये पहिल्या श्रेणीत सातवे आले, पण याच हंगामात त्यांनी पाहुण्या संघाच्या समर्थकांना स्टेडियममध्ये प्रवेशबंदी केली होती. त्यामुळे घरच्या यशातले किती श्रेय मैदानाचे आणि किती शांत गॅलरीचे, हे वेगळे काढणे अशक्य आहे. १९८८ मध्ये या संघाने लीग कप जिंकला, तोही वेम्बलीच्या गवतावर आर्सेनलला ३-२ असे हरवून.

माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण ओल्डहॅमचे आहे. प्रशिक्षक जो रॉयल यांच्या या दुसऱ्या श्रेणीतील संघाने १९८९-९० मध्ये बाउंडरी पार्क या आपल्या प्लॅस्टिकच्या मैदानावर आर्सेनल, एव्हर्टन आणि ॲस्टन व्हिला या मातब्बरांना गारद केले. १४ फेब्रुवारी १९९० रोजी लीग कपच्या उपांत्य फेरीत त्यांनी वेस्ट हॅमला ६-० असे धुवून काढले, आणि परतीच्या लढतीत लंडनच्या गवतावर ओल्डहॅमच ०-३ असे हरले. पृष्ठभाग बदलताच फरक किती पडतो, हे इतक्या ठळकपणे दाखवणारी जोडी क्वचितच सापडेल. परंतु पहिल्या लढतीत मिळालेली मोठी आघाडी सांभाळण्यासाठी दुसऱ्या लढतीत संघ वेगळा खेळतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. शिवाय १९९१ मध्ये पहिल्या श्रेणीत चढताच ओल्डहॅमला गवतावर परतावे लागले, तरी त्यांनी त्या हंगामात आपली जागा राखली. क्वीन्स पार्क रेंजर्सने १९८८ मध्येच, ल्यूटनने १९९१ मध्ये आणि प्रेस्टनने सर्वांत शेवटी, १९९४ मध्ये, प्लॅस्टिक काढले.

पुढे लांब धाग्यांच्या आणि रबराचे कण भरलेल्या नव्या पिढीच्या मैदानांमुळे उसळी बरीच गवताजवळ आली आणि २००४ मध्ये खेळाच्या नियमांत कृत्रिम पृष्ठभागाला जागा मिळाली. वाद मात्र संपला नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये मॉस्कोच्या लुझनिकी स्टेडियमच्या कृत्रिम मैदानावर रशियाने इंग्लंडला २-१ असे हरवले, तेव्हा चर्चा मैदानाचीच झाली. नॉर्वेच्या उत्तरेकडील बोडोमध्ये गवत टिकवणे अवघड असल्याने तिथला बोडो-ग्लिम्ट संघ कृत्रिम मैदानावर खेळतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याने तिथे रोमा या इटालियन संघाचा ६-१ असा पराभव केला, आणि एप्रिल २०२२ मध्ये रोममध्ये तो ०-४ असा हरला. रोमाचा पहिल्या वेळचा संघ मुख्यतः राखीव खेळाडूंचा होता, ही बाब अनेकदा विसरली जाते. नेदरलँड्सच्या अव्वल लीगने २०२५-२६ च्या हंगामापासून अशी मैदाने बंद केली आहेत.