ब्लो-ऑफ व्हॉल्व्हमधील बिघाड

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) असलेल्या पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, मिटतो, पण टर्बोचे पाते फिरतच असते. मधल्या पाइपात कोंडलेल्या हवेला त्या क्षणी वाट करून देणारा व्हॉल्व्ह म्हणजे ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, गॅरेजच्या बोलीत बीओव्ही. गिअर बदलताना येणारा ‘फुस्स’ आवाज त्याचाच. कंपनीतून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत ही हवा बाहेर न सोडता टर्बोच्या तोंडाशी परत नेली जाते. त्या व्हॉल्व्हला डायव्हर्टर किंवा बायपास व्हॉल्व्ह म्हणतात. आवाजाच्या हौसेपायी तो काढून बाहेर हवा फेकणारा व्हॉल्व्ह बसवला, की बऱ्याच तक्रारी सुरू होतात.

व्हॉल्व्ह स्वतः अगदी साधा असतो. आत एक पडदा किंवा पिस्टन आणि त्यावर स्प्रिंग. वरच्या बाजूला इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलनंतर इंजिनाला हवा वाटणाऱ्या भागातला, दाब एका बारीक नळीने पोहोचतो, खालच्या बाजूला टर्बो ते थ्रॉटल या पाइपातला बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब, असतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना दोन्ही दाब जवळपास सारखे असतात आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटून धरते. पाय काढला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, पडदा वर ओढला जातो आणि हवा सुटते. म्हणूनच ‘बूस्ट वाढवला, आता स्प्रिंगही आवळा’ हा नेहमीचा सल्ला बहुधा अनाठायी असतो. बूस्ट किती ठेवायचा हे वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) ठरवतो, बीओव्ही नाही.

सर्वांत त्रासदायक बिघाड व्हॉल्व्हचा नसून गाडीच्या रचनेचा असतो. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्ससारख्या गाड्यांत इंजिनात येणारी हवा टर्बोच्या आधीच, एअर फिल्टरजवळच्या सेन्सरने मोजली जाते. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या मापाने पेट्रोल सोडतो. मोजलेली हवा मध्येच बाहेर फेकली, तरी पेट्रोल मात्र पूर्ण हिशेबाने येते. मग मिश्रण रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते, सायलेन्सरमधून काळा धूर आणि फटफट आवाज येतो, सिग्नलला थांबताना गाडी बंद पडते. इथे स्प्रिंग कितीही फिरवली तरी उपयोग नाही. हवा परत टर्बोच्या आधी, पण सेन्सरच्या नंतर सोडणे हा सोपा उपाय. नाहीतर सेन्सर बीओव्ही आणि थ्रॉटल यांच्यामध्ये हलवून ट्यूनिंग नव्याने करावे लागते. मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज घेणाऱ्या गाड्यांत ही अडचण येत नाही.

स्प्रिंग फार मऊ असेल तर उलटा प्रकार घडतो. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, मॅनिफोल्डमध्ये साधारण १८ ते २० इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम असतो, तेवढ्याने व्हॉल्व्ह उघडाच राहतो. बाहेर तोंड असलेल्या व्हॉल्व्हमधून मग न मोजलेली, न गाळलेली हवा आत ओढली जाते आणि आयडलिंग वरखाली होते. स्प्रिंग फार कडक असेल तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो किंवा उघडतच नाही. कोंडलेली हवा कॉम्प्रेसरच्या, म्हणजे टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या चाकाच्या, पात्यांतून उलटी फिरते आणि ‘सु-तु-तु-तु’ असा आवाज येतो. याला सर्ज म्हणतात. कमी बूस्टवर हलका पाय सोडताना थोडी फडफड चालते. पण जोरात पळवून पाय काढल्यावर दर वेळी तोच आवाज आला, तर मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणाऱ्या शाफ्टला आणि त्याच्या बेअरिंगला धक्के बसत असतात. हा आवाज ऐकायला आवडणारे पुष्कळ आहेत, हा भाग वेगळा.

पिकअप गेला, बूस्ट भरत नाही, अशी तक्रार असेल तर पडदा फाटल्याचा संशय घ्यावा. फोक्सवॅगन आणि ऑडीच्या १.८ टी इंजिनांत रबरी पडदा फाटणे हे ठरलेलेच दुखणे होते. पुढे २.० टीएसआयमध्ये टर्बोवरच विजेवर चालणारा डायव्हर्टर आला, पण त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही पडदाच फाटे. शेवटी ‘डी’ आवृत्तीत पडद्याऐवजी पिस्टन आला. अशा वेळी स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी बूस्ट, हा कोड दिसू शकतो. तो लीक झालेल्या पाइपानेही येतो, त्यामुळे कोड पाहून लगेच व्हॉल्व्ह विकत घेऊ नये.

तपासणी मॅनिफोल्डकडून व्हॉल्व्हला येणाऱ्या बारीक नळीपासून सुरू करावी. कधी बूस्ट गेजसाठी त्याच नळीला टी मारलेला (फाटा काढलेला) असतो, कधी नळी लांब आणि बारीक असते, किंवा मऊ सिलिकॉनची असून व्हॅक्यूमने चपटी होते. मग व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि दोष स्प्रिंगला दिला जातो. मॅनिफोल्डपासून थेट, आखूड, फक्त त्याच्यासाठी असलेली नळी टाकून आधी पाहावे. नंतर हाताच्या व्हॅक्यूम पंपाने वरच्या बाजूला ओढ द्यावी. पंपाच्या गेजची सुई टिकून राहिली नाही तर पडदा गेला. पिस्टनच्या व्हॉल्व्हमध्ये मात्र थोडी गळती चालते. पिस्टन अडकत असेल तर आतला तेलकट मळ पुसून हलके ग्रीस पुरते. त्यानंतर इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडाला बूच लावावे, १० ते १५ पीएसआय हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी टाकावे. बुडबुडे कुठे येतात ते दिसतेच.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर अनेक वर्षे टर्बो म्हणजे डिझेल हेच समीकरण होते. डिझेलचे इंजिन थ्रॉटल मिटून आवरले जात नाही, म्हणून तिथे हवा अशी कोंडत नाही आणि बीओव्हीची गरजही नसते. तरी पेडलच्या स्विचवर चालणारी किट बाजारात मिळतात. ती फक्त आवाजासाठी भरलेला बूस्ट सोडून देतात. असे किट लावल्यापासून पिकअप मंदावला असेल तर ते काढून मूळ पाइप पुन्हा जोडणे, एवढीच दुरुस्ती.