धनगरांच्या वाड्याचे वर्ष : देशावरचा पावसाळा, कोकणातला उन्हाळा

दिवाळी झाली की पुणे, सातारा आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या रस्त्यांवर मेंढरांची खांडवी दिसू लागतात. सोबत कुत्री असतात, आणि घोड्यांच्या पाठीवर सगळे बिऱ्हाड : भांडी, घोंगड्या, डालग्यातल्या कोंबड्या, कधी एखादे पोर. गाडी अडली की माणसे लगेच हळहळतात, ‘दुष्काळ पडलेला दिसतोय, चाऱ्यासाठी वणवण चाललीय बिचाऱ्यांची.’ पण पाऊस चांगला झालेल्या वर्षीही हे वाडे, म्हणजे धनगर कुटुंबांचे मेंढरांसह फिरते तळ, निघतात. दुष्काळाने ही वाट अधिक खडतर होते, एवढेच. ही चाल मुळात पडली ती सह्याद्रीच्या दोन बाजूंना पडणाऱ्या दोन तऱ्हेच्या पावसामुळे.

कोकणात वर्षाला साधारण २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो, घाटमाथ्यावर त्याहूनही पुष्कळ जास्त. माथा ओलांडून पूर्वेला उतरले की तो झपाट्याने आटतो. फलटण, बारामती, माण या पट्ट्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. सरळ रेषेत मोजले तर हे अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. धनगरांची काळी, राठ लोकरीची डेक्कनी मेंढी या कोरड्या पट्ट्याचीच. तिला चिखल सोसत नाही. ओल्या जमिनीत खूर सडतात, सततच्या पावसात नीलजिव्हेसारखे रोग पसरतात. म्हणून मृग लागायच्या आत मेंढरे देशावर आलेली बरी. पावसाळ्याचे चार महिने माळावर कोवळे गवत मिळते, घरची बाजरी पेरून होते, जत्रा-देवकार्य, सोयरिकी याच काळात उरकतात. एरवी पाऊस आला की लोक आडोसा शोधतात. धनगराला पाऊसच घरी आणतो.

पावसाळा सरला की माळ बदलतो. कुसळी गवताला कुसळे धरतात, ती मेंढीच्या तोंडाला टोचतात, लोकरीतून कातडीत शिरतात. पाणवठे आटू लागतात. नेमक्या त्याच वेळी कोकणात भातकापणी उरकलेली असते, खाचरांत ओल असते, बांधांवर हिरवे असते. फलटण-बारामतीकडचे, पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे असे अनेक वाडे मग घाट उतरून रायगड-ठाण्याच्या बाजूला जातात. सगळेच धनगर कोकणात जातात असे नाही. कुणी कृष्णा-पंचगंगेच्या काठाने फिरतात.

कोकणातल्या शेतकऱ्याला मेंढरे हवी असतात ती खतासाठी. संध्याकाळी ठरलेल्या खाचरात वाघर लावतात, म्हणजे खुंट्यांना ताणून बांधलेले जाळे. मेंढरे आत, कुत्री बाहेर, लहान कोकरे चुलीजवळ वेगळी. रात्रभरात लेंड्या आणि मूत त्या तुकड्यावर पडते. दुसऱ्या रात्री वाघर पुढे सरकते, असे करत सगळे शेत खतावते. याला मेंढरे बसवणे म्हणतात. मोबदला धान्यात नाहीतर रोख. कुणाकडे किती रात्री बसायचे हे ठरवताना जुनी ओळख कामी येते. पुष्कळदा ती बापाच्या पिढीपासूनची असते. म्हातारी माणसे गावी राहून पिके आणि घर सांभाळतात.

पावसाचा हा हिशेब देवाधर्मातही उतरला आहे. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवाची यात्रा आश्विनात भरते, म्हणजे वाडे हलायच्या तोंडावर. तिथे भंडाऱ्याच्या उधळणीत फरांडे बाबांची भाकणूक, म्हणजे भविष्यकथन, होते. पुढच्या वर्षीचा पाऊस, पेरा आणि बाजारभाव ऐकायला हजारो माणसे कान देऊन उभी असतात.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी धनगरांच्या पोटजातींचा अभ्यास करून दाखवले की ही विभागणी पावसाच्या पट्ट्यांशी जुळते. कमी पावसात हटकर मेंढपाळ, घाटमाथ्यावर म्हशी राखणारे गवळी धनगर, आणि लोकर विणणारे खुटेकर. ज्याचे त्याचे जनावर, ज्याची त्याची जागा.

ही घडी विस्कटू लागली ती इंग्रजी अमलात. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले ठरली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या चराईला परवाना आणि दंड लागू झाला. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा वाहू लागला; पुढे बारामती-फलटण भागात ऊस आणि साखर कारखाने आले. शेतकऱ्याचे भले झाले, यात शंका नाही. पण वर्षातून एकदा पिकणारे आणि उरलेला काळ मेंढरांना मोकळे असणारे रान बारमाही झाले. सरकारी कागदावर माळ ‘पडीक’ ठरले आणि वनीकरणापासून औद्योगिक वसाहतींपर्यंत सगळ्यांना ते मोकळेच वाटले. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागले तेव्हा कोकणातल्या वरकस, म्हणजे हलक्या, डोंगरउताराच्या जमिनींवर आंबा-काजू उभे राहिले आणि त्यांना कुंपणे आली. वाटेच्या दोन्ही टोकांचे चराऊ रान असे आक्रसले.

लोकरीचेही तसेच. चिंचोक्याची खळ दिलेली जाड घोंगडी पावसात अंगावर असली की वेगळी छत्री लागत नसे. आता घोंगडीला गिऱ्हाईक कमी, कातरलेली लोकर कित्येकदा टाकून द्यावी लागते. त्यामुळे अनेकांनी मांसासाठी लवकर वाढणारी, अंगावर लोकर फारशी नसलेली सांगली जिल्ह्यातल्या जतकडची माडग्याळ मेंढी धरली.

आणि आता पाऊसच वेळ पाळीनासा झालाय. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि गारठ्याने जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात उघड्यावर बसलेल्या शेकडो मेंढ्या दगावल्या. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला. मेच्या अखेरीस तर पुष्कळ वाडे परतीच्या वाटेवर असतात.

राज्य सरकारने मेंढपाळांसाठी चराई अनुदान आणले, ते जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे, दरमहा ६ हजार रुपये. त्या काळात पिके उभी असतात, माळही आता आक्रसलेले, त्यामुळे चरायला पुरेशी जागा नसते, हे कारण खरेच आहे. पण उरलेले आठ महिने वाडा वाटेवर असतो. त्या वाटेवर पाणवठ्याचा हक्क नाही, मेंढरू आजारी पडले तर ओळखीचा जनावरांचा डॉक्टर नाही, रात्री चोरी झाली तर परगावच्या पोलिस ठाण्यात कुणी पटकन तक्रार घेत नाही. शाळा जूनमध्ये भरते आणि दिवाळीनंतर वाड्यावरचे पोर वर्गातून दिसेनासे होते. हंगामी वसतिगृहांचा उपाय आहे. पण आठ-दहा वर्षांच्या लेकराला मागे ठेवून जायला आईबाप सहजी तयार होत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. कोकणातल्या ज्या गावांत दरवर्षी तेच वाडे तेच महिने उतरतात, तिथल्या शाळेत या मुलांना हिवाळ्यापुरते बसू देणे आणि ती हजेरी मूळ गावच्या शाळेने धरणे, एवढे तरी आत्ताही करता येण्यासारखे आहे.